दोनशे रुपयांचा सूर

गेल्या भाऊबीजेला मी कळंबला बहिणीकडे गेलो होतो. सोयाबीनच्या पोत्यांनी बाजार भरलेला, एसटी स्टँडच्या बाजूला आकाशकंदिलांची दुकाने मांडलेली, आणि बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरात चकलीच्या तळणाचा घमघमाट. दारात पाऊल टाकतो तो पहिला आवाज कानी पडला बहिणीच्या सासूबाईंचा.

"अगं पोरी, कव्हाची हाका मारायलेय मी! कानाला दारं लावून घेतलीस का काय?"

पोरीला, म्हणजे माझ्या भाचीला, त्याचा पत्ताच नव्हता. ती खिडकीशी वही घेऊन बसली होती आणि तिच्या दोन्ही कानांतून काळ्या वायरी मोबाईलपर्यंत गेल्या होत्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास! पुण्याचे क्लास परवडत नाहीत, लातूरला राहणे परवडत नाही. तेव्हा मोबाईलवरची व्याख्याने हाच तिचा क्लास. घरात टीव्ही चालू, ओट्यावर कुकर, बाहेर टेंपो. अशा घरात अभ्यासाची स्वतंत्र खोली मिळाली ती एवढीच, कानात बसणारी.

"मामा, हा चौथा," तिने इअरफोन काढून दाखवला. "दिवाळीच्या आत तीन गेले. एका बाजूचा आवाज जातो बघा. मग मी आवाज पूर्ण वाढवते. आणि रात्री झोपताना कानात रातकिडे ओरडतात."

शेवटचे वाक्य ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आले नाही. वाचकहो, तुमच्याही घरात असा एक तरी प्राणी असेलच. म्हणून भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे तबकात टाकण्याऐवजी मी भाचीला घेऊन बाजारात गेलो. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते सांगतो.

कानात काय बसते?

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टरबरोबर एकाच कानात घालायचे एक पिवळसर बोंडूक मिळे. त्यातून आजोबा क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत आणि घरातले बाकीचे आजोबांच्या चेहऱ्यावरून धावसंख्या ओळखत. त्याच्याही आधी, 1910 साली, अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि ते तिथल्या नौदलाने विकत घेतले. 1979 साली जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि गाणे रस्त्यावर चालू लागले. कानाच्या नळीत रबरासकट घट्ट बसणारा जो प्रकार आज मुलांच्या कानात दिसतो, त्याला वळण लागले ते श्रवणयंत्रांच्या विद्येतून. एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने 1991 साली काढलेला नमुना त्यातला एक आरंभीचा मानला जातो.

आतले यंत्र ऐकाल तर साधे आहे. एक छोटे लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. मोबाईलमधून वीज लहरत येते तसे वेटोळे पुढेमागे होते, पडदा थरथरतो, हवा हलते, आणि आपल्याला व्याख्यान ऐकू येते. घरातला मोठा स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हा बोटभर स्पीकर चालतो. स्वस्त इअरफोनात पडदा बहुधा दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. खोक्यावर "मोठा ड्रायव्हर" असे ठळक छापलेले असते, पण मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज असे मुळीच नाही. मोठी परात घेतली म्हणून पुरणपोळी चांगली होत नाही, तसेच हे.

खोक्यावरचा दुसरा मंत्र म्हणजे "20 ते 20,000 हर्ट्‌झ". निरोगी तरुण कानाला साधारण एवढेच ऐकू येते हे खरे. पण त्या मर्यादेतला कोणता सूर किती मोठा आणि कोणता किती दबका वाजतो, हे खोके सांगत नाही; आणि चांगल्या-वाईटाचा सगळा फरक तर तिथेच असतो.

दुकानातली परीक्षा

कळंबच्या बाजारात मोबाईलच्या दुकानांना तोटा नाही. आम्ही शिरलो त्या दुकानात शंभराच्या इअरफोनांचा झुपका दारालाच टांगलेला होता, दोनशे ते पाचशेचे काचेत होते, आणि हजाराच्या पुढचे मालकाच्या पाठीमागे.

"घ्या ना साहेब, एकदम भारी बेस आहे!" मालक म्हणाले.

आता ही बेसची मोठी गंमत आहे. स्वस्त मालात बेस फुगवून ठेवलेला असतो. दुकानात दोन मिनिटे ऐकताना ढोल छातीवर वाजल्यासारखा वाटतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्याच इअरफोनवर तासभर व्याख्यान ऐका. मास्तर रांजणात तोंड घालून बोलत असल्यासारखे वाटतात. शब्द कळावेत म्हणून मग आवाज वाढवावा लागतो. म्हणून आमची पहिली परीक्षा बोलण्याची. भाचीने तिचे रोजचे व्याख्यान लावले. "श" आणि "स" निरनिराळे कळतात का? "स" कानात सुईसारखा टोचतो का? दोन्हींची उत्तरे मनासारखी आली तर पुढे जायचे.

दुसरी परीक्षा तबल्याची. ओळखीचे एखादे गाणे लावावे. डग्ग्याची घुमक आणि चाटीचा टणत्कार वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. दोन्ही मिळून नुसते "धब्‌धब्‌" होत असेल तर तो इअरफोन खाली ठेवावा. तिसरी परीक्षा समतोलाची. एकट्या माणसाचे बोलणे ऐकताना आवाज बरोबर डोक्याच्या मधोमध वाटला पाहिजे. तो एका अंगाला झुकला तर दोन बाजू सारख्या नाहीत. आणि मधोमध न बसता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला, तर एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्या असण्याचा संभव आहे.

शंभराचे दोन या परीक्षेत नापास झाले. पण नवल असे की, साडेतीनशेचा एक साडेआठशेच्या एकापेक्षा स्वच्छ बोलत होता. किंमत आणि सूर यांची पत्रिका नेहमी जुळतेच असे नाही.

खरा चोर सापडला

एवढ्यात भाचीने तिचा जुना, "एका बाजूने मेलेला" इअरफोन पिशवीतून काढला. शेजारीच दुरुस्तीच्या टेबलाशी एक तरुण कारागीर बसला होता. त्याने भिंग लावून पाहिले आणि तो हसला.

"ताई, हा मेला नाही. ह्याची जाळी बुजली आहे."

आवाज जिथून बाहेर पडतो तिथे एक बारीक जाळी असते. कानातला मळ तिच्यावर बसतो आणि आवाज हळूहळू दबत जातो. आपल्याला वाटते, यंत्र गेले! कारागिराने रबर काढले, जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडली, आणि डावी बाजू पुन्हा बोलू लागली. भाचीने कपाळावर हात मारला. या आधीचे दोन तिने असेच टाकून दिले असावेत!

तिसरा मात्र खरोखर गेला होता. तोही पिशवीत होता. त्याची वायर पिनपाशी आतून तुटलेली. इअरफोनच्या वायरीत केसांहून बारीक तांब्याच्या तारा असतात, त्यांना रंगीत लाखेचा लेप असतो आणि त्या बहुधा धाग्याभोवती गुंडाळलेल्या असतात. सारखी मोडपड होते ती दोन ठिकाणी: पिनपाशी आणि कानातल्या बोंडापाशी. तिथे वायरीला लवचीक रबरी बाही आहे की नाही, हे घेतानाच पाहावे. आडवी वळलेली पिन खिशात कमी मोडते. वायर मोबाईलभोवती करकचून गुंडाळणे ही तर तिची फाशीच. सैल वेटोळे करून ठेवावी. हजाराच्या आसपास काही इअरफोन असे मिळतात की ज्यांची वायर बोंडापासून सुटी होते. वायर तुटली तर तेवढीच बदलायची. जो रोज पाच तास वापरतो त्याला हा सौदा शेवटी स्वस्त पडतो.

बिनवायरीचे घ्यावेत काय, असे पुष्कळजण विचारतात. ते सुटसुटीत खरेच. पण प्रत्येक बोंडात एक इवलीशी बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत तिचा जीव कमी होतो आणि ती सहसा बदलता येत नाही. शिवाय वीज गेली आणि डबी रिकामी असली की अभ्यास बंद. तेव्हा मोबाईलला पिनचे भोक असेल तर अभ्यासाला वायरवालाच बरा. भोक नसेल तर चार्जिंगच्या तोंडात बसणारा घ्यावा.

दोन पैशांचे रबर

आता सर्वांत महत्त्वाचे. इअरफोनच्या खोक्यात लहान, मध्यम आणि मोठी अशी रबरांची तीन जोड्यांची पुडी येते. आपण काय करतो? लावलेले रबर तसेच ठेवतो आणि पुडी कचऱ्यात टाकतो. भाचीने चारही वेळा तेच केले होते. तिच्या कानाला मध्यम रबर सैल होत होते.

रबर सैल असले की दोन गोष्टी घडतात. खर्जाचा आवाज फटीतून निसटतो, म्हणून चांगला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. आणि त्याच फटीतून टीव्ही, कुकर आणि टेंपो आत शिरतात. त्यांच्यावर मात करायला मुलगी आवाज वाढवते. म्हणजे रबराची चूक आणि शिक्षा कानाला!

रबर नीट बसले की नाही याची खूण सोपी आहे. दोन्ही बाजू घालून तोंड मिटून "हूं" म्हणावे. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर बसले. नाहीतर दुसरे लावावे. दोन कानांना दोन निराळी मापे लागली तरी लाजू नये. कान काही साच्यातून काढलेले नसतात.

हे इतके का सांगतो? आतल्या कानात, शंखाच्या आकाराच्या नळीत, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाचे रूपांतर त्या मज्जातंतूंच्या भाषेत करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सुरक्षित श्रवणाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास, ही मर्यादा धरली आहे. मुलांसाठी 75 डेसिबल. आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला वीस तास, 86 ला दहा, 89 ला पाच. 95 ला गेलात तर आठवड्याचे जेमतेम सव्वा तास. मोबाईलचा पूर्ण वाढवलेला आवाज शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. आणि आमची मुलगी रोज पाच तास ऐकत होती! रातकिडे ओरडत होते ते उगाच नव्हे. तो कानाचा निरोप होता.

मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत ऐकणे शाबूत निघाले. "वेळेवर आलात," एवढेच ते म्हणाले. "आठ दिवस कानाला विश्रांती, आणि पुढे आवाज निम्म्याच्या वर नको." आवाज थांबूनही दुसऱ्या दिवशी कान वाजत असतील, किंवा समोरच्याचे शब्द कोंदट वाटत असतील, तर घरगुती तेल ओतत बसू नये, तपासून घ्यावे.

ओवाळणी

शेवटी आम्ही साडेतीनशेचाच घेतला, आणि भाचीने दुकानातच मोठे रबर लावून "हूं" करून पाहिले. दुकानातली माणसे वळून बघू लागली, पण तिने पर्वा केली नाही. जाळी झाडलेला जुना इअरफोन आजींना मिळाला. त्यावर आता त्या कीर्तन ऐकतात.

परवा बहिणीचा फोन आला. वर्ष होत आले, पण इअरफोन तोच आहे. भाची पंचेचाळीस मिनिटे ऐकते आणि पंधरा मिनिटे कान मोकळे ठेवून वहीत लिहिते. रातकिडे आता फक्त अंगणात ओरडतात. मागून आजींचा आवाज ऐकू येत होता: "पोरी, चहा ठेवतीस का?"

आणि लगेच भाचीचे उत्तर आले, "ठेवते की आजी, ऐकायलेय मी!"

पहिल्याच हाकेला.