एल. ए. न्वार : चेहरा वाचायचा की पुरावा?

रायपूरहून बोलतोय. आजचा गेम आहे 'एल. ए. न्वार'. मूळ गेम २०११चा, रिमास्टर होऊन २०१७मध्ये परत आला. इतक्या वर्षांनी तो टिकलाय का, एवढंच आज बघू.

काळ १९४७चा, शहर लॉस एंजलिस. तुम्ही कोल फेल्प्स नावाचे पोलीस डिटेक्टिव्ह. घटनास्थळी वस्तू तपासायच्या, वहीत नोंदी करायच्या आणि मग माणसांना प्रश्न विचारायचे.

सिडनीच्या टीम बाँडीने यात ३२ कॅमेऱ्यांनी नटांचे चेहरे टिपले होते. ओठांची थरथर, चुकवलेली नजर सगळं दिसतं. रिमास्टरमध्ये चित्र स्वच्छ झालं, प्रकाश सुधारला. मानेखालचं शरीर आज ताठर वाटतं, पण चेहरे अजूनही थक्क करतात.

आता चौकशीचं बघा. आधी उत्तराला तीन बटणं होती: खरं, शंका, खोटं. 'शंका' दाबलं की फेल्प्स भलताच अंगावर धावून जायचा. रिमास्टरमध्ये नावं झाली: चांगला पोलीस, वाईट पोलीस, आरोप. वाक्यं तीच, पाट्या बदलल्या. तरी गोंधळ कमी झाला, हे मान्य.

खरी मेख पुढे आहे. समोरच्याने नजर चुकवली म्हणजे तो काहीतरी लपवतोय, असं गेम शिकवतो. गोलबाजारात भाव करताना आपणही दुकानदाराचा चेहरा वाचतोच की! पण २००६मध्ये बाँड आणि डिपाउलो या संशोधकांनी अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. माणसं खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात, असं दिसलं. नाणं उडवलं तरी ५० टक्के जमतंच.

पुढचं वाक्य कथेचं गुपित फोडणारं आहे, सांभाळून. खूनविभागात तुम्ही ज्यांना पकडता, ते खुनी नसतातच. 'गोल्डन बटरफ्लाय' प्रकरणात दोन संशयितांपैकी एकावर आरोप ठेवावाच लागतो. 'पुरावा अपुरा, दोघांना सोडा' असं बटणच नाही. तरीही प्रकरण संपल्यावर तुमच्या कामाला तारे मिळतात. निर्दोष माणूस कोठडीत आणि आपल्या खात्यात तारे! रिमास्टरनेही हे बदललं नाही.

माझ्या मते गेम याच जागी सगळ्यात जास्त टिकतो. चेहऱ्यावरून निकाल लावण्याची आपली सवय तो आपल्याच हाताने उघडी पाडतो. 'आरोप' दाबलात तर मात्र वहीतला पुरावा दाखवावा लागतो, आणि तपासाची खरी मजा तिथेच आहे.

तर जरूर खेळा, सबटायटल्स लावून, एका बैठकीत एकच प्रकरण. आणि प्रत्येक उत्तरानंतर आधी वही उघडा, मग त्या माणसाकडे बघा.