व्हाइट स्लॅम (कॅरम)

व्हाइट स्लॅम म्हणजे कॅरममध्ये ब्रेक करणाऱ्या खेळाडूने आपल्या पहिल्याच पाळीत सर्व नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी पॉकेटमध्ये घालून बोर्ड संपवणे होय. या बोर्डात प्रतिस्पर्ध्याला एकही फटका मारता येत नाही. यालाच 'ब्रेक टू फिनिश' असेही म्हटले जाते. पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाडूची पाळी संपल्यावर दुसऱ्या खेळाडूने आपल्या पहिल्या पाळीत सर्व काळ्या सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवला, तर त्यास ब्लॅक स्लॅम म्हणतात.

स्लॅम हा नेमबाजीचा पराक्रम मानला जातो. परंतु त्याची शक्यता पहिला फटका बसण्यापूर्वीच, म्हणजे सोंगट्या लावताना, बऱ्याच अंशी ठरलेली असते. त्यामुळे मांडणी, ब्रेक आणि एकट्याने केलेला सराव या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

गुण आणि महत्त्व

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कॅरमचा गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असतो आणि सामना तीन गेमचा असतो. बोर्ड जिंकणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या बोर्डावर उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण आणि राणी घेतली असल्यास तिचे ३ गुण मिळतात. व्हाइट स्लॅममध्ये सर्व नऊ काळ्या सोंगट्या बोर्डावर उरल्या, तर ९ अधिक ३ असे १२ गुण होतात. एका बोर्डात यापेक्षा अधिक गुण मिळू शकत नाहीत. दोन पूर्ण स्लॅम झाल्यास खेळाडूची गुणसंख्या २४, म्हणजे विजयापासून केवळ एका गुणाच्या अंतरावर येते. त्यानंतर राणीचा उपयोग गुण वाढवण्यासाठी होत नाही, कारण खेळाडूचे २२ गुण झाल्यावर राणीचे ३ गुण धरले जात नाहीत.

ब्रेकची पाळी प्रत्येक बोर्डागणिक बदलते. आठ बोर्डांच्या गेममध्ये प्रत्येकाच्या वाट्याला अधिकाधिक चार ब्रेक येतात. ब्रेकमध्ये पांढरी सोंगटी गेली नाही, तर पाळी संपते आणि व्हाइट स्लॅमची संधीही जाते. उलट ब्रेकने डाव उकलला पण पांढरी सोंगटी गेली नाही, तर मोकळा झालेला बोर्ड प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. अशा वेळी ब्लॅक स्लॅमची शक्यता वाढते. ब्रेक करणाऱ्यापुढील खरा पेच हाच असतो.

सोंगट्यांची मांडणी

कॅरममध्ये ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ राणी अशा एकूण १९ सोंगट्या असतात. अधिकृत सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असते. स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा आणि वजन १५ ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. बोर्डाचा खेळण्याचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर बाजूचा चौरस असतो. त्याच्या मध्यभागी १७ सेंटिमीटर व्यासाचे मोठे वर्तुळ आणि त्यात राणीचे लहान वर्तुळ असते.

राणी मध्यवर्ती वर्तुळात ठेवली जाते. तिच्याभोवतीच्या पहिल्या कड्यात सहा सोंगट्या, एक पांढरी व एक काळी अशा आळीपाळीने येतात. दुसऱ्या कड्यात बारा सोंगट्या त्याच क्रमाने लावल्या जातात. आतल्या तीन पांढऱ्या सोंगट्यांच्या थेट मागे बाहेरच्या कड्यातही पांढऱ्या सोंगट्या येतात आणि राणीला केंद्र धरून इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी आकृती तयार होते. मांडून झाल्यावर दोन्ही हातांनी सोंगट्या दाबून व किंचित फिरवून त्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या जातात.

मांडणीची भूमिती

एकोणीस समान वर्तुळे अशा रीतीने दाटून ठेवली असता त्यांचा षटकोन तयार होतो. बाहेरच्या कड्यातील बारा जागांपैकी सहा जागा षटकोनाच्या कोपऱ्यांवर आणि उरलेल्या सहा बाजूंच्या मध्यावर येतात. रंग आळीपाळीने लावल्यामुळे सहाही कोपरे पांढऱ्यांना मिळतात आणि बाजूंच्या मध्यावरील सहाही जागा काळ्यांकडे जातात.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. कोपऱ्यावरील सोंगटी तीनच सोंगट्यांना टेकलेली असते, तर बाजूच्या मध्यावरील सोंगटी चार सोंगट्यांना टेकते. आतल्या कड्यातील प्रत्येक सोंगटी आणि राणी यांना सहा-सहा सोंगट्यांचा स्पर्श असतो. सोंगटीचा व्यास ३.१ सेंटिमीटर धरल्यास कोपऱ्यावरील सोंगटीचे केंद्र राणीच्या केंद्रापासून ६.२ सेंटिमीटरवर, तर बाजूच्या मध्यावरील सोंगटीचे केंद्र सुमारे ५.४ सेंटिमीटरवर असते. म्हणजे नऊपैकी सहा पांढऱ्या सोंगट्या अधिक बाहेर आणि कमी अडकलेल्या असतात. आतल्या तीन पांढऱ्या मोकळ्या करणे हे स्लॅमचे अवघड काम असते. ब्रेकचा हक्क आणि सोयीच्या जागा हे दोन्ही लाभ पांढऱ्यांच्या खेळाडूला एकाच वेळी मिळतात.

या आकृतीला एक मर्यादाही आहे. षटकोनाच्या कोपऱ्यांमध्ये ६० अंशांचे आणि 'वाय'च्या हातांमध्ये १२० अंशांचे अंतर असते. केंद्रातून पाहिले असता चार पॉकेटे मात्र ९० अंशांच्या अंतराने येतात. त्यामुळे 'वाय'चे दोन हात एकाच वेळी शेजारच्या दोन पॉकेटांकडे नेमके रोखता येत नाहीत. एक हात पॉकेटच्या रेषेत आणला, तर त्या पॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या पॉकेटांपासून उरलेले दोन हात ३० अंशांनी दूर राहतात. समोरासमोरच्या, कर्णावरील पॉकेटच्या दिशेला तर काळ्या सोंगटीमागे पांढरी अशी जोडी येते. मांडणी थोडी फिरवली तरी कोणते पॉकेट अनुकूल आणि कोणते प्रतिकूल, याचा हिशोब बदलतो.

ब्रेक

एकमेकींना टेकलेल्या दोन सोंगट्यांपैकी एकीला धक्का बसला, तर दुसरी सोंगटी सर्वसाधारणपणे दोघींच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत निघते. मांडणी घट्ट असेल, तर या रेषा आधीच निश्चित असतात. म्हणूनच अनुभवी खेळाडू ब्रेकला अंदाधुंद जोर लावत नाहीत. कोणत्या कोपऱ्यावरील सोंगटीवर किती जाड किंवा पातळ आघात करायचा, हे ते ठरवून घेतात.

सोंगट्यांमध्ये केसाइतकी जरी फट राहिली, तरी हे गणित बिघडते. फटीपलीकडच्या सोंगटीला धक्का उशिरा आणि वेगळ्या कोनातून पोहोचतो. परिणामी एका बाजूचा डाव उधळतो आणि दुसऱ्या बाजूला घट्ट पुंजका उरतो. अशा पुंजक्यात दोन पांढऱ्या अडकल्या, की अचूक नेम असूनही पाळी मध्येच थांबते. अतिशय जोरदार ब्रेकचाही तोटा असतो. सोंगट्या चौकटीला चिकटतात, काही स्वतःच्या बेसलाइनजवळ येतात आणि पांढऱ्यांच्या वाटेत काळ्या आडव्या येतात.

ब्रेकनंतरचा डाव

कॅरममध्ये प्रत्येक फटक्यापूर्वी स्ट्रायकर पुन्हा बेसलाइनवर ठेवला जातो. त्यामुळे पुढच्या फटक्यासाठी स्ट्रायकर कुठे थांबेल, याची चिंता खेळाडूला नसते. त्याचे नियोजन क्रमाचे असते. सोपी सोंगटी घेताना त्याच फटक्यात अडकलेली सोंगटी सोडवता येते का, हा त्याच्यापुढील मुख्य प्रश्न असतो. सर्व सोप्या सोंगट्या आधी घेतल्या, तर शेवटी केवळ अवघड सोंगट्या उरतात आणि त्या सोडवण्यासाठी निमित्तही उरत नाही.

राणीचा क्रम हा या नियोजनाचा महत्त्वाचा भाग आहे. स्वतःची किमान एक सोंगटी गेल्यानंतरच राणी घेता येते आणि लगेच स्वतःची सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते. म्हणून राणीकडे वळण्यापूर्वी कव्हरची सोंगटी हेरून ठेवली जाते. राणी फार उशिरापर्यंत ठेवली, तर कव्हरसाठी एखादी अवघड सोंगटीच शिल्लक राहण्याचा धोका असतो.

एकट्याने केला जाणारा सराव

प्रतिस्पर्ध्याशिवाय पूर्ण सराव करता येईल अशा मोजक्या गोष्टींत व्हाइट स्लॅमचा समावेश होतो, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याची पाळी येतच नाही. खेळाडू स्वतः डाव मांडतो, ब्रेक करतो आणि चूक होईपर्यंत खेळतो. चूक झाली की सोंगट्या पुन्हा लावल्या जातात.

या सरावात केवळ स्लॅम मोजल्यास प्रगतीचे चित्र फसवे ठरते. पांढऱ्या सोंगट्या आणि राणी मिळून दहा वेगवेगळे फटके लागतात असे धरले, तर प्रत्येक फटका शंभरात ८० वेळा साधणाऱ्या खेळाडूचे दहाही फटके सलग साधण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. तेच प्रमाण ९० असेल तर शक्यता सुमारे ३५ टक्के आणि ९५ असेल तर सुमारे ६० टक्के होते. नेमात थोडीशी सुधारणा झाली, की स्लॅमच्या संख्येत मोठी वाढ होते. तसेच पाळी ब्रेकवरच संपली की सातव्या सोंगटीवर, हे नुसत्या स्लॅमच्या आकड्यावरून समजत नाही.

म्हणून सरावाचे भाग वेगळे केले जातात. एका भागात फक्त ब्रेक केला जातो आणि पांढरी सोंगटी गेली का व किती पांढऱ्या मोकळ्या झाल्या, याची नोंद ठेवली जाते. दुसऱ्या भागात केवळ नऊ पांढऱ्या आणि राणी बोर्डावर पसरून, काळ्यांच्या अडथळ्याविना, सलग संपवण्याचा प्रयत्न होतो. तिसऱ्या भागात काळ्याही ठेवल्या जातात. चौथा भाग संपूर्ण डावाचा असतो आणि त्यात प्रत्येक पाळी कितव्या सोंगटीवर थांबली, ते लिहिले जाते.

एकट्याच्या सरावातील सर्वांत सूक्ष्म अडचण मांडणीचीच आहे. सामन्यात मांडणीवर प्रतिस्पर्ध्याचे आणि पंचांचे लक्ष असते. घरी मांडणारा, ब्रेक करणारा आणि नोंद ठेवणारा एकच असतो. अनुकूल पॉकेटकडे थोडी सरकलेली किंवा एका बाजूने सैल राहिलेली मांडणी नकळत नेहमीची होऊन बसते. मग ब्रेक साधल्याचा जो आनंद होतो, तो त्या विशिष्ट मांडणीपुरता असतो आणि स्पर्धेत घट्ट लावलेल्या डावावर तोच फटका निष्फळ ठरतो. सरावाच्या नोंदी परस्परांशी तुलनीय राहाव्यात यासाठी 'वाय'ची दिशा ठरलेली असणे, सोंगट्या प्रत्येक वेळी सारख्याच घट्ट लावणे आणि मांडणी मोठ्या वर्तुळाच्या मध्यावर असणे आवश्यक असते.

पूलशी तुलना

पूल या खेळातही सुरुवातीच्या मांडणीला, म्हणजे रॅकला, असेच महत्त्व आहे. नाइन-बॉल प्रकारात नऊ चेंडू समभुज चौकोनाच्या आकारात लावले जातात. त्यात १ क्रमांकाचा चेंडू पुढे आणि ९ क्रमांकाचा मध्यभागी असतो. चेंडूंमध्ये फटी राहू नयेत म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या त्रिकोणी साच्याऐवजी, चेंडू नेमके बसतील असे छिद्रांचे पातळ प्लॅस्टिकचे पानही वापरले जाते. ब्रेकपासून शेवटपर्यंत सलग टेबल संपवणे हे पूलमधील स्लॅमसदृश यश आहे.

पूलच्या एकल सरावात 'घोस्ट' ही पद्धत रूढ आहे. यात कधीही न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळले जाते. ब्रेकनंतर पांढरा चेंडू हव्या त्या जागी ठेवण्याची मुभा मिळते आणि तेथून एकही चूक झाली, तर रॅक घोस्टच्या नावावर जमा होतो. या मुभेमुळे ब्रेकमधील दैव आणि पुढील कौशल्य वेगळे होतात. कॅरममध्ये स्ट्रायकर दर फटक्याला बेसलाइनवर हवा तेथे ठेवता येत असल्याने अशी मुभा खेळाच्या स्वरूपातच आहे. दुसरीकडे, पूलमध्ये पांढरा चेंडू थांबेल तेथूनच पुढे खेळावे लागते.

स्ट्रेट पूल या प्रकारात पंधरापैकी चौदा चेंडू गेले की ते पुन्हा लावले जातात आणि उरलेल्या एका चेंडूच्या आधारे नवा रॅक फोडून पाळी पुढे चालू राहते. अमेरिकेचे विली मोस्कोनी यांनी १९५४ मध्ये सलग ५२६ चेंडू घेतले. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ आणि २०२२ मध्ये स्कॉटलंडचे जेसन शॉ यांनी ७१४ चेंडूंपर्यंत मजल मारली. इतक्या दीर्घ पाळीत डझनावारी वेळा रॅक लावावा लागतो. त्यामुळे प्रत्येक मांडणीचा सारखेपणा हाही अशा विक्रमाचाच भाग ठरतो.

बोर्ड, पावडर आणि हवामान

मांडणी तीच असली, तरी बोर्डाच्या वेगानुसार तिचे परिणाम बदलतात. कॅरमचा पृष्ठभाग लाकडी असतो आणि घर्षण कमी करण्यासाठी त्यावर बारीक, कोरडी पावडर टाकली जाते. कोकण किनाऱ्यावरील पावसाळी दमट हवेत पावडर ओलावा धरते आणि सोंगट्या जड चालतात. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या, कोरड्या हवेच्या भागात उन्हाळ्यात बोर्ड अधिक वेगवान होतो. वेगवान बोर्डावर कमी जोराच्या ब्रेकनेही डाव उकलतो. मंद बोर्डावर तोच ब्रेक केल्यास आतल्या तीन पांढऱ्या जागच्या जागी राहण्याची शक्यता अधिक असते. घरगुती लहान बोर्डावर बसवलेला हात स्पर्धेच्या बोर्डावर सहजासहजी चालत नाही, त्याचेही एक कारण हेच आहे.

महाराष्ट्रातील खेळ

महाराष्ट्रात कॅरम हा घराघरांतील खेळ आहे. मुंबई, पुणे, सोलापूर यांसारख्या शहरांत चाळी, वाडे आणि सार्वजनिक मंडळे यांतून तो रुजला. या बैठ्या खेळात बहुधा चार जण बोर्डाभोवती असतात. स्लॅमचा सराव मात्र बोर्ड रिकामा असताना, एकट्यानेच केला जातो.

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ मध्ये चेन्नई येथे झाली आणि नियमांना जागतिक स्तरावर एकसारखेपणा आला. चेन्नईचे मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातून पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे प्रशांत मोरे यांनी जागतिक विजेतेपदापर्यंत मजल मारली आहे. राज्यातील स्पर्धांच्या वृत्तांतांत विजेत्यांच्या नावांसोबत स्पर्धेत नोंदवलेल्या व्हाइट आणि ब्लॅक स्लॅमचीही दखल घेतली जाते.