हृदयस्नायुशोथाच्या कारणांचे प्रायोगिक संशोधन

हृदयाच्या भित्तीतील स्नायूंच्या दाहयुक्त सुजेस हृदयस्नायुशोथ म्हणतात. पुष्कळदा ताप, पडसे किंवा अतिसार यांसारख्या साध्या विषाणुजन्य विकारानंतर तो उद्‌भवतो. काही रुग्ण आपोआप बरे होतात, तर काहींचे हृदय विस्फारून दुर्बल होते. स्नायुकोशिकांचा नाश विषाणू स्वतः करतात की त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा करते, हा या संशोधनातील मूळ प्रश्न होय. तो केवळ तात्त्विक नाही. पहिले उत्तर खरे असल्यास प्रतिकारक्षमता दडपणारी औषधे घातक ठरतील. दुसरे खरे असल्यास तीच उपकारक ठरतील.

रुग्णाच्या हृदयातील ऊतक वारंवार काढून तपासणे शक्य नसल्याने हे संशोधन मुख्यत्वे उंदरांवर झाले. न्यूयॉर्क राज्यातील कॉक्सॅकी या गावच्या रुग्णांपासून डॅलडॉर्फ व सिकल्स यांनी वेगळा केलेला नवा विषाणू १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच समूहातील कॉक्सॅकी बी-३ विषाणू टोचल्यास उंदरांना हृदयस्नायुशोथ होतो. मात्र टी लसीका कोशिका आधीच कमी केलेल्या उंदरांत शोथ सौम्य राहतो, असे जे. एफ. वुड्रफ व जे. जे. वुड्रफ यांनी १९७४ मध्ये दाखविले. संशयाचा रोख साहजिकच प्रतिकारक यंत्रणेकडे वळला.

यापुढचा प्रयोग अधिक निर्णायक होता. १९८७ मध्ये न्यू, रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वगळलाच. हृदयस्नायूतील मायोसिन हे प्रथिन प्रतिकारक्षमता उद्दीपित करणाऱ्या द्रव्याबरोबर टोचताच ठराविक आनुवंशिक वंशाच्या उंदरांत हृदयस्नायुशोथ झाला. कंकाल स्नायूंतील मायोसिनाने मात्र तो झाला नाही. स्वतःच्याच प्रथिनाला परके मानून शरीर हृदयावर हल्ला करू शकते व त्यासाठी आनुवंशिक प्रवणता लागते, हे यातून सिद्ध झाले.

तथापि विषाणू निर्दोष ठरला नाही. टी व बी या दोन्ही लसीका कोशिकांचा जन्मतः अभाव असलेल्या उंदरांनाही कॉक्सॅकी बी-३ च्या संसर्गाने हृदयाची तीव्र हानी होते, असे १९९२ मध्ये दिसून आले. विषाणूचे एक एंझाइम स्नायुकोशिकेला बळकटी देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन तोडते, हे १९९९ मध्ये उघड झाले. म्हणजे दोन्ही यंत्रणा खऱ्या असून एकाच रुग्णात त्या एकामागून एक कार्यान्वित होऊ शकतात.

उपचारांच्या परीक्षणांतही याचे प्रतिबिंब दिसते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षणात १११ रुग्णांची निवड ऊतकातील शोथ पाहून केलेली होती. त्यांत विषाणू आहे किंवा नाही, हा निकष नव्हता. प्रतिकारक्षमता दडपणाऱ्या औषधांचा तेथे लाभ दिसला नाही. २००९ मधील इटलीतील परीक्षणात दीर्घकालीन शोथ असलेले, परंतु हृदयाच्या ऊतकात विषाणूचा मागमूस नसलेले ८५ रुग्ण निवडले गेले. त्यांतील प्रेडनिसोन व ॲझॅथायोप्रिन मिळालेल्या बहुतेकांच्या हृदयाचे कार्य सुधारले.