तेलनगरींतील प्रार्थनामंदिर

अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानाच्या वायव्य भागांत पिटहोल नांवाची एक जागा आहे. गवतानें झांकलेला उतार, तळघरांचे कांहीं खड्डे आणि जुन्या रस्त्यांची दिशा दाखविण्यासाठीं कापलेल्या गवताच्या वाटा, यांपलीकडे तेथें आज फारसें कांहीं दिसत नाहीं. परंतु १८६५ च्या सप्टेंबरांत याच उतारावर सुमारें १५,००० माणसें राहत होतीं. पन्नासांहून अधिक हॉटेलें, हजारांवर प्रेक्षक बसतील असें नाटकगृह, स्वतःचें दैनिक वर्तमानपत्र आणि साऱ्या संस्थानांत कामाच्या मानानें तिसरें गणलें जाणारें टपाल कार्यालय, एवढा त्या नगरीचा थाट होता. तो सारा थाट लयास गेल्यावरहि टेकडीच्या माथ्यावर एक इमारत पुष्कळ वर्षें उभी राहिली. ती होती मेथॉडिस्ट पंथाचें प्रार्थनामंदिर. जेथें पैसा टिकला नाहीं तेथें हें मंदिर कसें टिकलें, हें समजून घ्यावयाचें तर प्रथम त्या नगरीची जन्मकथा पाहिली पाहिजे.

ता. २७ ऑगस्ट १८५९ रोजीं, पिटहोलपासून कांहीं मैलांवर असलेल्या टिटसव्हिल गांवाजवळ, एडविन ड्रेक याच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलें. तोंवर दिव्यांसाठीं देवमाशाची चरबी किंवा कोळशापासून काढलेलें तेल वापरीत, आणि तें महाग पडे. जमिनींतील तेल शुद्ध करून काढलेलें रॉकेल स्वस्त आणि स्वच्छ जळणारें निघालें. पुढें तेंच समुद्रापार येऊन मुंबई-पुण्याच्या कंदिलांतहि पोंचलें. ड्रेकच्या यशानंतर आसपासच्या ओढ्यांच्या कांठीं जो तो विहिरी खोदूं लागला.

पिटहोल ओढ्याच्या कांठीं होल्मडेन नांवाच्या शेतकऱ्याचें शेत होतें. तेथें जानेवारी १८६५ मध्यें फ्रेझियर विहिरीला तेल लागलें. तें उपसावें लागत नव्हतें. भूगर्भांतील वायूच्या दाबानें तें आपण होऊन उसळून वर येत होतें. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्ध संपत आलें होतें. एप्रिलमध्यें तें संपलें आणि हातांत पगाराची शिल्लक असलेले हजारों सैनिक मोकळे झाले. मे महिन्यांत शेताचे पांचशें भूखंड पाडण्यांत आले, आणि चार-पांच महिन्यांत रानाचें शहर झालें. घरें कच्च्या लाकडाचीं, रस्ते गुडघाभर चिखलाचे, पिण्याच्या पाण्याची चणचण, आणि प्रत्येकाच्या मनांत एकच हिशेब: आज किती पिंपें निघालीं?

तीं पिंपें रेल्वेपर्यंत नेण्याचें काम गाडीवानांचें. चिखल वाढला कीं त्यांचे दर चढत, आणि कधीं कधीं तेलाच्या किंमतीहून तें वाहून नेण्याचा खर्च अधिक होई. म्हणून सॅम्युएल व्हॅन सायकल यानें ऑक्टोबर १८६५ मध्यें पिटहोलपासून मिलर फार्म या रेल्वेस्थानकापर्यंत पांच मैलांहून लांब असा दोन इंच व्यासाचा लोखंडी नळ टाकला. नळांतून तेल दूरवर नेण्याचा जगांतील हा पहिला यशस्वी प्रयोग समजतात. पोटावर पाय आलेल्या गाडीवानांनीं नळ उखडले. अखेर त्यांवर सशस्त्र पहारा बसवावा लागला. उद्योगाचें एक पाऊल पुढें पडलें, पण नगरींतील शेंकडों माणसांचा रोजगार एका हंगामांत नाहींसा झाला.

अशा वस्तींत धर्मोपदेशकानें यावें तें कोणत्या बळावर? मेथॉडिस्ट पंथाची घडणच या प्रश्नाचें उत्तर देते. अठराव्या शतकांत इंग्लंडांत जॉन वेस्ली यानें हा पंथ उभा केला, तो मोठ्या देवळांतून नव्हे, तर खाणींच्या तोंडाशीं आणि उघड्या माळावर प्रवचनें करून. अमेरिकेंत १७८४ मध्यें या पंथाची स्वतंत्र संघटना झाली, आणि तिचे उपदेशक घोड्यावर बसून वस्तीवस्तींतून फिरूं लागले. एका उपदेशकाकडे अनेक गांवांचा फेरा असे. तो पुढच्या गांवाला गेला म्हणजे मागें राहिलेले लोक दहा-बारा जणांच्या लहान वर्गांत जमत. वर्गाचा नायक त्यांच्यांतलाच एखादा सुतार, लोहार किंवा दुकानदार असे. दर आठवड्याला प्रत्येकानें आपल्या आचरणाचा हिशेब इतरांपुढें द्यावा, कोणी आजारी असेल त्याची विचारपूस व्हावी, आणि यथाशक्ति वर्गणी गोळा व्हावी, असा परिपाठ होता. उपदेशकालाहि एका ठिकाणीं मूळ धरूं देत नसत. १८०४ पासून एका जागीं दोन वर्षांहून अधिक काळ राहण्याची मनाई होती. १८६४ मध्यें ती मर्यादा तीन वर्षांची झाली.

याचा अर्थ असा कीं, या पंथाला आरंभीं इमारतीची गरजच नव्हती. एखादें भाड्याचें दालन, हॉटेलांतील मोठी खोली किंवा झाडाची सांवली त्याला पुरे. जेथें माणूस आज आहे आणि उद्यां दुसऱ्या विहिरीकडे निघून जाणार, तेथें माणसाबरोबर हलणारी ही पद्धत चपखल बसली. पिटहोल येथें पहिले मेथॉडिस्ट उपदेशक म्हणून स्टेडमन यांनीं काम केलें. ज्या नगरींत दारूचे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे यांची रेलचेल होती, तेथें त्यांच्या तळमळीबद्दल सर्व थरांतील लोकांना आदर वाटत असे. प्रेस्बिटेरियन आणि कॅथॉलिक मंडळींनींहि आपआपलीं मंदिरें बांधलीं. मेथॉडिस्टांचें लाकडी मंदिर टेकडीच्या माथ्यावर उभें राहिलें आणि १८६६ मध्यें उपासनेसाठीं खुलें झालें.

येथें दैवाचा खेळ दिसतो. मंदिर पुरें झालें तेव्हां नगरीला उतरती कळा लागली होती. याचें कारण जमिनीच्या पोटांत होतें आणि कायद्यांतहि होतें. खालचें तेल एका विस्तीर्ण खडकांत सर्वांचें मिळून असे. परंतु जो तें वर काढील त्याचेंच तें ठरे. शेजाऱ्यानें आपल्याआधीं उपसूं नये म्हणून प्रत्येकानें आपल्या लहानशा तुकड्यांत घाईघाईनें विहीर खोदली. शेंकडों भोकांतून वायू निसटून गेला, दाब ओसरला आणि उसळत्या विहिरी एकामागून एक थंडावल्या. फ्रेझियर विहीर तर १८६५ हें वर्ष संपण्यापूर्वींच आटली. त्यांत तेलानें माखलेल्या लाकडी घरांना आगी लागूं लागल्या. १८६६ सालच्या आगींत घरांबरोबर विहिरींचे मनोरेहि भस्मसात झाले. त्या वर्षाच्या अखेरीस वस्ती दोन हजारांवर आली. १८७० च्या खानेसुमारींत फारच थोडीं माणसें उरलीं, आणि १८७७ मध्यें नगरपालिकेची सनदच रद्द झाली. जेथें १८६५ मध्यें जमिनीच्या तुकड्यांसाठीं लाखों डॉलर मोजले गेले, तेथील जागा पुढें अवघ्या ४ डॉलर ३७ सेंटांस विकली गेली.

लोक जातांना घरेंहि घेऊन गेले. फळ्या सुट्या करून त्या गाड्यांवर लादावयाच्या आणि जेथें नवें तेल लागलें असेल तेथें पुन्हां घर उभें करावयाचें, ही तेलप्रदेशाची रीतच होती. मंदिराच्या फळ्यांनाहि किंमत होतीच; मग त्या कां गेल्या नाहींत? याच्या उत्तराचा एक भाग पंथाच्या नियमांत सांपडतो. मेथॉडिस्ट मंदिराची मालकी कोणा एका धनिकाकडे किंवा उपदेशकाकडे नसते. स्थानिक विश्वस्त ती साऱ्या पंथाच्या वतीनें सांभाळतात, त्यामुळें ती कोणाच्या खासगी नफ्यासाठीं विकतां येत नाहीं. शिवाय मूठभर कुटुंबें उरलीं तरी त्यांना शेजारच्या गांवांच्या फेऱ्यांत जोडून देण्याची सोय या पद्धतींत मुळापासूनच होती. हॉटेलाला रोज नवा पाहुणा लागतो. उपासनेला दोघे-तिघे जमले तरी चालतात.

हीच रीत पुढें मुंबईंतहि दिसली, आणि तिचा धागा दुसऱ्या एका लुटीच्या नगरीपर्यंत पोंचतो. विल्यम टेलर या मेथॉडिस्ट उपदेशकानें १८४९ पासून कॅलिफोर्नियांत, सोन्याच्या शोधांत आलेल्या गर्दीपुढें सॅन फ्रान्सिस्कोच्या भर चौकांत प्रवचनें केलीं होतीं. तोच टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला. येथेंहि त्यानें प्रथम इमारत बांधली नाहीं. श्रोत्यांचे लहान लहान मेळे केले आणि ते घरोघर जमूं लागले. त्यांतूनच १८७२ च्या आरंभीं मुंबईंतील मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली. कुलाब्याच्या मेथॉडिस्ट चर्चला ज्यांचें नांव आहे ते जॉर्ज बोवेन, मुंबईंत अत्यंत साधेपणानें राहून आयुष्य वेंचणारे अमेरिकन मिशनरी, याच वेळीं या मंडळींत सामील झाले.

पिटहोलचें मंदिर विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, जीर्ण झाल्यामुळें उतरविण्यांत आलें. तेंहि अमर ठरलें नाहीं, हें येथें मान्य केलें पाहिजे. १९५७ मध्यें टिटसव्हिलच्या एका वृत्तपत्राचे प्रकाशक जेम्स स्टीव्हन्सन यांनीं झाडोऱ्यांत बुडालेली ती सारी जागा विकत घेऊन साफ केली आणि १९६१ मध्यें संस्थानच्या इतिहास-मंडळाला दान दिली. आतां मंदिराच्या जागीं त्याचा पाया आणि एक दगडी वेदी आहे.

पिटहोलच्या साऱ्या संपत्तीचा पाया एका दाबावर होता, आणि तो दाब सर्वांनीं मिळून पांचशें दिवसांच्या आंत उधळून टाकला. जमिनीखालीं जें सर्वांचें होतें तें प्रत्येकानें एकट्याचें मानलें, म्हणून तें कोणाचेंच उरलें नाहीं. टेकडीवरील मंदिर मात्र एकट्या कोणाचें नव्हतें, म्हणूनच तें सर्वांच्या मागें इतकीं वर्षें उभें राहूं शकलें.