वापरण्यास व टांगण्यास सुलभ पोछा : पनवेल परिसराच्या संदर्भात एक रचनाविचार

प्रस्तावना

फरशी पुसणे हे घराघरांत रोज होणारे काम आहे. मात्र त्यासाठी लागणाऱ्या साधनाचा विचार क्वचितच केला जातो. पोछा विकत घेणारी व्यक्ती आणि तो प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती अनेक घरांत वेगवेगळी असते, हे यामागील एक महत्त्वाचे कारण होय. साधन निवडण्याचा अधिकार एकीकडे आणि त्याच्या गैरसोयीचा भार दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. चांगल्या पोछ्याची रचना करताना पुसणे, पिळणे आणि टांगून वाळवणे या तिन्ही क्रियांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात पनवेलच्या हवामानाच्या व घरांच्या संदर्भात हा विचार मांडला आहे.

पार्श्वभूमी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. जुन्या घरांतील शेणाने सारवलेल्या जमिनीची जागा प्रथम शहाबादी फरशीने व पुढे गुळगुळीत टाइल्सने घेतली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहतींत सदनिकांची संख्या वाढली. सारवण आठवड्यातून एखाद-दोन वेळा पुरत असे. टाइल्स मात्र रोज पुसाव्या लागतात. हे काम बहुधा उकिडवे बसून, ओल्या फडक्याने केले जाते. एकाच दिवसात चार-पाच घरी काम करणाऱ्या स्त्रीच्या गुडघ्यांवर, कमरेवर व मनगटांवर त्याचा ताण साठत जातो. गुडघे टेकून काम केल्याने गुडघ्याच्या वाटीसमोरील द्रवपिशवीला सूज येते. या विकाराला इंग्रजी भाषेत ‘मोलकरणीचा गुडघा’ अशा अर्थाचेच नाव आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ साली झाला. कामगाराच्या कल्याणाचा विचार तिच्या हातातील साधनापर्यंत पोहोचणे हे त्यापुढील पाऊल होय.

वापरातील सुलभता

या प्रश्नावर इतरत्र झालेले प्रयत्न उद्बोधक आहेत. अमेरिकेतील थॉमस स्टुअर्ट यांना १८९३ मध्ये पोछ्याच्या सुधारित रचनेचे पेटंट मिळाले. स्पेनमध्ये मॅन्युएल हालोन या अभियंत्याने १९५६ मध्ये दांड्याचा पोछा व पिळणी जोडलेली बादली बाजारात आणली. त्यामुळे तेथील स्त्रियांना गुडघे न टेकता फरशी पुसता येऊ लागली.

दांड्याची लांबी वापरणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यापासून हनुवटीपर्यंत असावी, म्हणजे पाठ न वाकवता काम करता येते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. त्या मानाने सुमारे १३० सेंटिमीटरचा दांडा पुरेसा ठरतो. मूठ सुमारे ३ सेंटिमीटर जाडीची असावी. फार बारीक दांडा घट्ट धरण्यास बोटांना अधिक जोर लावावा लागतो. हातांनी पिळताना मनगटे वळवावी लागतात. त्याऐवजी बादलीवरील छिद्रयुक्त पिळणीत पोछा दाबल्यास शरीराचे वजन उपयोगी पडते.

टांगण्याचा प्रश्न

पनवेलमध्ये जून ते सप्टेंबर या काळात हवा अत्यंत दमट असते. हवेत बाष्प जितके अधिक, तितके बाष्पीभवन मंद. अशा वेळी कोपऱ्यात उभा केलेला किंवा बादलीत ठेवलेला पोछा दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. ओल्या धाग्यांत जीवाणू वाढतात, वास येतो आणि सकाळी तीच घाण घरभर पसरते. म्हणूनच टांगणे हा पोछ्याच्या स्वच्छतेचा भाग समजला पाहिजे. झुपका वर करून ठेवल्यास पाणी दांड्यावरून ओघळते व जोड गंजतो. झुपका खाली, मोकळा व जमिनीपासून उचललेला असावा.

प्रचलित पोछ्यांत टांगण्याचे छिद्र दांड्याच्या वरच्या टोकाला असते. १३० सेंटिमीटरचा दांडा, २५ सेंटिमीटरचा झुपका आणि खाली १० सेंटिमीटर मोकळी जागा धरल्यास खिळा १६५ सेंटिमीटर उंचीवर येतो. ही उंची सरासरी स्त्रीच्या डोक्याहूनही अधिक आहे. ओला, जड पोछा उचलून ते बारीक छिद्र खिळ्यात नेमके अडकवणे कष्टाचे असते. साहजिकच पोछा भिंतीला टेकवून ठेवला जातो. हा दोष सवयीपेक्षा रचनेचा अधिक आहे.

प्रस्तावित रचना

यावर उपाय म्हणून दांड्याच्या टोकाऐवजी झुपक्याच्या जोडापासून ८० सेंटिमीटरवर एक रुंद कडे बसवावे. भिंतीवर ११५ सेंटिमीटर उंचीवर दोन बोटांसारखी, पुढून उघडी खुंटी असावी. दांडा समोरून आत सरकवून खाली सोडला की कडे खुंटीवर टेकते. नेम धरावा लागत नाही. ही उंची कोपर व खांदा यांच्या दरम्यान येते. ओला झुपका जड असल्याने गुरुत्वमध्य आधाराच्या खाली राहतो आणि पोछा उलटत नाही. खुंटी भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे आलेली असावी, म्हणजे झुपक्याभोवती हवा खेळते. कोकणच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून खुंटी व कडे गंजरोधक पोलादाचे किंवा मजबूत प्लास्टिकचे करावे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडणे शक्य नसल्यास हीच खुंटी बाल्कनीच्या गजाला आवळून बसवता येईल. झुपका काढून धुता यावा, अशी सोयही हवी.

समारोप

कडे व खुंटी ही साधी भर आहे. तथापि तिची जागा ठरवताना वापरणाऱ्या स्त्रीची उंची, तिचे खांदे व मनगटे आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचा विचार अनिवार्य ठरतो. साधन खरेदी करण्यापूर्वी ते वापरणाऱ्या व्यक्तीच्या हाती देऊन पाहावे व तिचे मत विचारावे, ही या विवेचनातून निघणारी सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची सुधारणा होय.