पाचूनगरीचा हिरवा चष्मा

एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ हे मुलांचे पुस्तक १९०० साली निघाले. कॅन्ससमधली डोरोथी वावटळीत घरासकट उडून ऑझ नावाच्या अद्भुत देशात पडते, ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तिथल्या पाचूनगरीच्या वेशीवरचा रखवालदार आत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी डोरोथीच्या कुत्र्यालाही, हिरव्या काचांचा चष्मा चढवतो आणि वर कुलूप लावतो! नगरीच्या झगमगाटाने डोळे जाऊ नयेत म्हणून, असे कारण तो सांगतो. आत सारे काही हिरवे. डोरोथीला झगाही हिरवाच मिळतो. पण चष्मा उतरवून ती वेशीबाहेर पडते आणि पाहते, तर झगा पांढराशुभ्र.

बॉमचे भौतिकशास्त्र इथे चोख आहे. पांढरे कापड सर्व रंगांचा प्रकाश परावर्तित करते. हिरवी काच त्यातला हिरवा तेवढा पुढे सोडते, बाकीचा शोषून घेते. लाल वस्तूकडून मुळात लाल प्रकाशच येतो. तो काचेत अडला, की वस्तू काळी दिसते. कुंकवाचा करंडा हिरव्या जिलेटिन कागदातून पाहा. (कागदाच्या दोन-तीन घड्या करा, एका घडीतून थोडा लाल प्रकाश निसटतोच.)

या पुस्तकावरचा गाजलेला बोलपट १९३९ साली आला. त्यात हा चष्मा नाही. नगरीच हिरवी रंगवली आहे. समजा, चष्मा ठेवला असता, तर कॅमेरा कुठे ठेवायचा? हिरव्या काचेमागे ठेवला, तर डोरोथीचे लाल जोडे काळे पडणार. काच न लावता चित्रण केले, तर नगरी हिरवी नसल्याचे प्रेक्षकाला पहिल्याच क्षणी कळणार. वाचकाला रंग दिसत नाही, ‘हिरवा’ हा शब्द दिसतो. म्हणून तो डोरोथीबरोबर फसतो. पडद्यावर ही लबाडी फार अवघड. तरीही पुस्तकातली सर्वांत शहाणी थट्टा त्यामुळे गेली, याची मला हळहळ वाटते.

जोडे मात्र बोलपटाने सुधारले. पुस्तकात ते चांदीचे आहेत. चकाकत्या चांदीत आजूबाजूचेच रंग दिसतात. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर तिला पिवळी झाक आली असती. पडद्यावरचे माणकांचे लाल जोडे उठून दिसतात.

हे रंग टिपणारा टेक्निकलर कॅमेरा मोठा गमतीचा होता. भिंगामागे दोन लोलक जोडून केलेला काचेचा ठोकळा, आणि जोडावर अर्धपारदर्शक आरसा. काही प्रकाश सरळ जाऊन हिरव्या गाळणीतून एका फिल्मवर पडे. उरलेला काटकोनात वळून एकीमागे एक लावलेल्या दोन फिल्मवर जाई. पुढची निळ्यासाठी, मागची लालसाठी. अशी वाटणी झाल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला प्रकाश थोडाच येई. मग दिवे प्रचंड प्रखर लावावे लागत. चित्रणाच्या जागी तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर चढे, आणि सिंह झालेला बर्ट लार तर खऱ्या सिंहाच्या कातड्यात!

कॅन्ससचे प्रसंग तपकिरी छटेत आहेत. डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंगीत ऑझ दिसते, ते दृश्य मात्र पूर्णपणे रंगीत फिल्मवर घेतलेले आहे. घराचा आतला भाग तपकिरी रंगवला होता. तपकिरी झग्यातली दुसरीच मुलगी दार उघडून बाजूला होते, आणि निळ्या झग्यातली ज्यूडी गार्लंड पुढे येते.

आता आणखी एक प्रयोग. तोच जिलेटिन कागद भर उजेडात मिनिटभर डोळ्यांसमोर धरा, मग काढून पांढऱ्या भिंतीकडे पाहा. हिरव्याला सरावलेले, थकलेले डोळे भिंत क्षणभर गुलाबीसर दाखवतील. डोरोथीने वेशीवरच, चष्मा निघताक्षणी, झग्याकडे पाहिले असते, तर तोही आधी गुलाबीच दिसला असता.