रखमाबाई का गेल्या, हे तुकोबा सांगत नाहीत

(लेखमाला ‘संकट आणि श्रद्धा’ : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण प्रारब्धापाशी थांबलो होतो. कोसळलेल्या दुःखाला मागच्या जन्मीचे कारण जोडले की हिशोब जुळतो, पण ज्याच्यावर ते कोसळले त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, असे मी म्हटले होते. मग प्रश्न उरतो तो असा : कारणच कळत नसेल, तर देवावर भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? माझे म्हणणे असे की, कारण कळणे वेगळे आणि भरवसा असणे वेगळे. मराठीत याचा सर्वांत भक्कम पुरावा तुकोबांच्या गाथेत आहे.

१६३० साली पावसाने दगा दिला आणि गुजरात-दख्खन होरपळून निघाले. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवर पडलेल्या प्रेतांबद्दल लिहून ठेवले आहे. शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यालाही ही उपासमार झाकता आली नाही. आभाळाच्या जोडीला माणसेही होती. मुघल फौजा दख्खनेत उतरल्या होत्या, आणि याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. देहू तिथून जवळच. तुकोबा तेव्हा बाविशीच्या आसपासचे, घरी महाजनकी, सावकारी, दुकान. आईवडील आधीच गेले होते. दुष्काळाने पैसा नेला, पत नेली, आणि थोरली बायको रखमाबाई अन्नाअन्नासाठी टाहो फोडत गेली. हे सांगणारा त्यांचा आत्मचरित्रपर अभंग आहे. असे बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी त्याची सुरुवात. त्यात बायको कशाने मेली ते आहे, का मेली ते नाही. ना तिच्या संचिताचा उल्लेख, ना देवाच्या योजनेचा. त्यापाठोपाठ येते ती लाज, मग बुडालेला धंदा, आणि मग एक भंगलेले देऊळ. ते नीट करावेसे वाटले, एवढेच ते म्हणतात. एकादशीला कीर्तन सुरू केले तेव्हाही आधी चित्त त्यात नव्हते, असे ते स्वतःच कबूल करतात. कुठलेही कोडे सुटलेले नसताना एक माणूस देवळाचे पडलेले दगड बसवायला घेतो, ही गोष्ट मला त्यांच्या अनेक चमत्कारकथांपेक्षा मोठी वाटते.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवायलाच हवे. तुकोबांचा दुसरा एक अभंग आहे. त्यात बाप, बायको, पोर, आई यांचे मृत्यू एकेक करून मोजले आहेत आणि प्रत्येक वेळी आपण सुटलो असाच सूर आहे. आणखी एकात दिवाळे निघाले आणि दुष्काळाने छळले तेही बरेच झाले, असे म्हटले आहे. हे निर्दय नाही का? दुखवट्याला आलेल्या शेजाऱ्याने हे वाक्य उच्चारले तर निर्दयच. पण हे कोण बोलतो आहे आणि कोणाशी, ते पाहावे. बोलणारा तोच, ज्याचे घर उजाड झाले. बोलणे थेट विठोबाशी आहे. आता इथे तुझे-माझेच राज्य, असा त्याचा रोख आहे. हे दुसऱ्याच्या दुःखाचे स्पष्टीकरण नव्हे. सगळे हरवलेला माणूस उरलेल्या एकाच नात्याला धरून बोलतो आहे. शिवाय याच माणसाने चिडून, माझ्या लेखी देव मेला, आता आपले तुटले, असेही सुनावले आहे. दोन्ही अभंग एकाच गाथेत आहेत. म्हणून मी भरवशाची खूण समाधानात शोधत नाही. भांडताना, रडताना, तोंड फिरवतानाही ज्याच्याशी बोलणे थांबत नाही, त्याच्यावर आपला भरवसा असतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा : असल्या भरवशाने माणूस हातपाय गाळतो. संतचरित्रकार महिपतींनी लिहून ठेवलेली हकिकत अशी की, घराण्याच्या कर्जखतांपैकी भाऊ कान्होबांचा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. महिपती शंभराहून अधिक वर्षांनंतरचे, तेव्हा तपशील कमी-जास्त असू शकतील. पण कुळांच्या मानेवरचा कागद सावकाराने पाण्यात सोडणे याला हातपाय गाळणे म्हणता येत नाही. त्याची किंमत घरात धाकटी बायको जिजाबाई आणि पोरांनी मोजली, हेही विसरू नये. आणि उपासमारीत मुरार जगदेवासारख्यांचा वाटा किती, हे विचारायला देवावरचा विश्वास कधी आड येत नाही. आड येतो तो घाईने चिकटवलेला दैवाचा शिक्का.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे : हे सारे मागे उरलेल्याचे बोलणे झाले. तुकोबांना विठोबा सापडला, रखमाबाईंना घासभर भाकरी मिळाली नाही. यावर माझ्याकडे तिचे समाधान होईल असे उत्तर नाही, आणि तुकोबांकडेही होते असे गाथेत दिसत नाही. बायको मेली, मुक्त झाली, असे ते त्या कठोर अभंगात म्हणतात. परंपरा सांगते की रखमाबाईंना दमा होता. धाप लागलेल्या, उपाशी माणसाच्या उशाशी बसलेल्यांच्या तोंडून आपल्याकडे शेवटी निघते ते हेच : सुटली बिचारी. तो सिद्धांत नसतो, तो उसासा असतो. रखमाबाईंचा विठोबावर भरवसा होता की नव्हता, हे गाथा सांगत नाही, आणि तुकोबाही तिच्या वतीने बोलत नाहीत. तिचा अन्नासाठीचा टाहो मात्र त्यांनी गाळला नाही. संतांनी विचारले तेव्हा आपली कथा सांगताना त्यांच्यापुढे तो जसाच्या तसा ठेवला.

पुढच्या आठवड्यात मंगळवेढ्याला, कोसळलेल्या भिंतीखाली गेलेल्या चोखोबांकडे.